तांब्याची डबी आणि निकेलची झिलई

मामांनी माझं डबीचं ड्रॉइंग टेबलावर पसरलं, चष्मा नाकावर खाली ओढला आणि एकेक माप बोटाने तपासत गेले. सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये हळद पॉलिश करायच्या ड्रमचे शाफ्ट भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांच्या शेजारी तशीच उभी मी, पदार्थविज्ञानात पीएच.डी. करणारी त्यांची भाची. शेवटी त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने डबीच्या आतल्या कोपऱ्यावर टिचकी मारली.

"हा कोपरा आतनं काटकोनात पायजे?"

"हो."

"मंग हितं मशीन चालायचं न्हाई. उंदीर सोडावा लागंल कुरतडायला."

मग त्यांनी मला समजावलं. धातू कोरणारा कटर गोल फिरतो, त्यामुळे तो आतला कोपरा गोलसरच सोडणार. हे इतकं उघड होतं की मला लाजही नीट वाटेना. ते ड्रॉइंग करायला मी तीन आठवडे घातले होते. माझ्या गाइडनी ते दोनदा तपासलं होतं, प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी बघून माना डोलावल्या होत्या, आणि विद्युतचुंबकीय लहरींची समीकरणं तोंडपाठ असलेल्या आम्हा एकालाही कटर गोल असतो हे सुचलं नव्हतं. मामांनी पेन्सिलीने चारही कोपरे गोल केले आणि विचारलं, "एवढ्यानं तुझं काय बिघडतंय का?" मी हिशेब करायचा आव आणला आणि नाही म्हटलं.

मी बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत काम करते. घर वडूजला. सुट्टीत रेल्वेने सांगलीपर्यंत यायचं, विश्रामबागेत मामांकडे मुक्काम करायचा, आणि मग एसटीने विट्यावरून वडूज, हा माझा ठरलेला रस्ता. वडील सैन्यात बिनतारी संदेश विभागात होते. मी काय करते असं गावात कुणी विचारलं की ते "पोरगी पण सिग्नलमध्येच हाय" असं सांगून मोकळे होतात. मी त्यांना दोन-तीनदा दुरुस्त करायला गेले, पण खरं सांगायचं तर माझ्या कामाचं याहून सोपं आणि याहून बरोबर वर्णन मला स्वतःलाही जमलेलं नाही.

तरी प्रयत्न करते. सिलिकॉनच्या चिपवर केसापेक्षा कितीतरी बारीक धातूच्या पट्ट्या असतात. त्यांना योग्य व्होल्टेज दिलं की त्यांच्या खाली एकच इलेक्ट्रॉन अडकून बसेल एवढी जागा तयार होते. तिला क्वांटम डॉट म्हणतात. त्या इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा गुण असतो, म्हणजे तो एखाद्या इवल्याशा चुंबकासारखा वर किंवा खाली तोंड करून असतो. त्याच्यात माहिती साठवता येते. पण हा स्पिन फार माणूसघाणा. अगदी खेटून बसलेल्या इलेक्ट्रॉनशिवाय तो कुणाची दखल घेत नाही. चिपच्या दुसऱ्या टोकाच्या इलेक्ट्रॉनशी त्याची ओळख करून द्यायची तर मध्ये काहीतरी हवं. ते काम मायक्रोवेव्ह रेझोनेटर करतो. ही एक नागमोडी, अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात न अडवणारी तार, जिच्यात एकाच ठरावीक कंपनाच्या लहरी टिकून राहतात. इलेक्ट्रॉन आणि ती लहर नीट जुळली की दोघांमध्ये ऊर्जेचा एक एवढासा कण सतत ये-जा करतो. ते जुळवणं म्हणजे माझा प्रबंध. सगळं चालतं निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंशांच्या, अगदी जवळच्या थंडीत, आणि चिप बसते काडेपेटीएवढ्या तांब्याच्या डबीत. डबी उष्णता ओढून घेते आणि बाहेरच्या नको त्या लहरी आत येऊ देत नाही.

आमची डबी जुनी झाली होती आणि नव्या चिपला बसत नव्हती. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये नंबर लागायला तीन महिने, बाहेरच्या देशातून मागवायला त्याहून जास्त. गाइड म्हणाल्या, तुमच्या भागात कुणी करून देणारं असेल तर बघ. मी मामांना फोन केला. ते पंपाचे आणि हळदीच्या यंत्रांचे भाग करतात. काडेपेटीएवढी डबी म्हटल्यावर आधी थोडे नाराज झाले, पण मापं मायक्रॉनमध्ये आहेत म्हटल्यावर लगेच म्हणाले, ये घेऊन.

मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हा मामांचा जीव की प्राण. वर्कशॉपमधल्या कुठल्याही भांडणात ते शेवटी मायक्रॉनवर येतात. त्यामुळे त्या सकाळी ड्रॉइंग दुरुस्त झाल्यावर त्यांनी मोठ्या आपुलकीने विचारलं की तुझा तो डॉट किती मायक्रॉनचा. मी सांगितलं, एका मायक्रॉनचा साधारण दहावा भाग. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग विचारलं की तो दिसतो का. मी म्हटलं, आत अडकलेला इलेक्ट्रॉन दिसत नाही, पण रेझोनेटरमधून पाठवलेली लहर कशी परत येते त्यावरून तो आहे की नाही ते कळतं. यावर ते परत आपल्या शाफ्टकडे वळले. रात्री जेवताना मात्र मामींना म्हणाले की पोरगी मेहनती आहे, पण तिच्या मालाची खात्री देता येणार नाही.

मामी विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहेत. त्या ऐकतात सगळं आणि बोलतात मोजकं. मी ताटावर बसून स्पिन, रेझोनेटर आणि त्यांची जुळणी असं सगळं सांगत होते, तेव्हा माझं लक्ष अर्धं मामींच्या चेहऱ्यावर होतं. जुळणी हा शब्द आला की पुढे माझ्या लग्नाचा विषय येणार, हे मी गृहीत धरलं होतं, आणि उत्तरही तयार ठेवलं होतं. मामींनी आमटी वाढली आणि विचारलं, "दोघांना जोडायचं समजलं. पण काम झाल्यावर सोडवायचं कसं, ते शिकवलंय का?"

स्पिन रेझोनेटरशी कायम जोडलेला राहिला तर त्याच्यात साठवलेली माहिती त्या वाटेने गळून जाते. हवं तेव्हा जोडता आणि हवं तेव्हा सोडवता यायला पाहिजे, आणि ते आमच्या विषयातलं अर्धं दुखणं आहे. हे कळायला मला दीड वर्ष लागलं होतं. मी मामींना म्हटलं की सोडवता येतं, इलेक्ट्रॉनला थोडं बाजूला सरकवलं की झालं. मामी म्हणाल्या, "बरं आहे मग त्यांचं."

दुसऱ्या दिवशी मिलिंग मशीनवर काम सुरू झालं. तांबं दिसायला मऊ, पण कापायला चिकट. कटरला लपेटून बसतं आणि कडेला बारीक कुसं सोडतं. मामा ज्यांच्या हाताखाली शिकले ते जुने कारागीर तांबं कापताना कटरवर दूध सोडायचे, म्हणे त्याने पृष्ठभाग आरशासारखा येतो. हे मामांना नेमकं तेव्हाच आठवलं. ते स्कूटरवरून घरी गेले आणि फ्रीजमधली दुधाची पिशवी घेऊन आले. तासाभराने वर्कशॉपमध्ये बासुंदी करपल्यासारखा वास सुटला. शेजारच्या शेडमधले दोघं कुणाचं जेवण जळतंय ते बघायला आले. संध्याकाळी मामींनी आम्हा दोघांपुढे कोरा चहा ठेवला आणि पुस्तक उघडून वाचत बसल्या.

पण पृष्ठभाग खरंच सुंदर आला होता. मी भिंगाखाली बघितला. मामा माझ्या मागे उभे होते, आणि मी काय म्हणते याकडे त्यांचं अजिबात लक्ष नाही असं दाखवत होते. मी म्हटलं, आमच्या संस्थेत असं काम होत नाही. ते म्हणाले, "तितं दूध मिळत नसंल."

डबी मी लगेच नेणार होते. ते म्हणाले, घाई करू नकोस, उद्या दुपारी ने. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पेढ्यांच्या बॉक्समध्ये कापूस घालून डबी माझ्या हातात दिली. मी उघडली. आत तांबं नव्हतंच. चांदीसारखी चकचकीत, चेहरा दिसेल अशी डबी होती.

"तांबं काळं पडतं गं. निकेल करून आनलं," मामा म्हणाले. "वळखीतला मानूस हाय. येका दिवसात दिलं त्यानं."

निकेल हा लोखंडासारखाच चुंबकाला ओढणारा धातू. माझं सगळं काम म्हणजे एका इलेक्ट्रॉनच्या इवल्याशा चुंबकाचं तोंड कुठे आहे ते ओळखायचं. चिपवर मुद्दाम बसवलेला एक सूक्ष्म चुंबक असतो, त्याच्याच मदतीने स्पिनची आणि रेझोनेटरची गाठ पडते, आणि त्याच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र आम्ही अगदी मोजूनमापून ठरवतो. त्याला चारही बाजूंनी निकेलच्या भिंती घालणं म्हणजे होकायंत्र लोखंडी पेटीत ठेवण्यासारखं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. तोंडातून आलं ते, "मामा, लय भारी झालीय."

मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

मी डबी घेऊन वडूजला गेले. एसटीत मांडीवर पेढ्यांचा बॉक्स होता. शेजारच्या बाईंनी कसले पेढे म्हणून विचारलं, आणि मी देत नाही हे बघून विट्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसल्या.

घरी पोचल्यावर मी जुन्या इअरफोनमधला चुंबक काढला, आईच्या शिवणाच्या डब्यातल्या दोऱ्याला बांधला आणि डबीजवळ लोंबता धरला. थोडी आशा होती, कारण निकेल चढवायचा एक प्रकार असा असतो की त्याला चुंबक ओढत नाही. चुंबक डबीकडे झुकला. थोडासाच, पण झुकला. गाइडना फोन केला. त्या म्हणाल्या की आतली झिलई पूर्ण निघेल याची खात्री नाही, तेव्हा ही डबी विसर.

चार दिवस मी काही केलं नाही. डबी फळीवर ठेवली आणि तिच्यासमोरून जाताना दुसरीकडे बघायला लागले. मनात असं ठरवत होते की मामांना काही सांगायचं नाही, बेंगळुरूला गेल्यावर दुसरी करून घ्यायची, आणि त्यांनी विचारलं तर तुमचीच वापरतोय म्हणायचं. पाचव्या दिवशी वडिलांनी दोऱ्याला बांधलेला चुंबक बघितला आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी स्वतः चुंबक धरून बघितला, दोनदा. मग मेव्हण्याला कळवलंस का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, त्यांना वाईट वाटेल.

"आमच्याकडं सेट बिघडला की पैलं वर कळवायचं," ते म्हणाले. "बिघडवनारा सुटायचा, लपवनारा न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी सांगलीला गेले. परतीच्या गाडीला अजून तीन दिवस होते. मामा लेथवर होते. मी डबी, चुंबक आणि दोरा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्यांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि चुंबक लोंबता धरला. तो झुकला. डबीची बाजू बदलून धरला. पुन्हा झुकला. त्यांना वाटत होतं की फक्त लोखंडच चुंबकाला ओढतं, आणि मी त्यांना निकेलबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"कवा कळलं तुला?"

"बॉक्स उघडला तेव्हाच."

"मंग तवाच का न्हाई बोललीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता न्हाई वाटलं व्हय?"

ते स्टुलावर बसले आणि डबी हातात फिरवत राहिले.

"गिऱ्हाईक खराब माल परत आनून टाकतं," ते म्हणाले. "शिव्या घालतं, पर परत आनतं. तू खराब माल घिऊन जानार व्हतीस आन् मला चांगला म्हननार व्हतीस. मी तुला कारागीर दिसलोच न्हाई बग. म्हातारा मामा दिसलो."

मला रडू आलं असतं, पण ते लगेच उठले आणि ड्रॉइंग मागितलं. त्यांनी ते परत टेबलावर पसरलं आणि काय काय चालत नाही ते सगळं लिहायला सांगितलं. मी लिहिलं, निकेल नको, लोखंड नको, लॅकर नको. त्यांनी वाचलं आणि झाकणाचे स्क्रू कशाचे ते विचारलं. मी ते लिहिलंच नव्हतं. बाजारातले लोखंडी स्क्रू लावले असते तर तीच गत झाली असती. "म्हंजे अर्धी चूक तुझ्या कागदाची हाय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा हलका झाला. मी सगळीच माझी म्हणत होते, तर ते ऐकेनात. अर्धीच माझी, अर्धी त्यांची, यावर अडून बसले. संध्याकाळी आम्ही हा वाद घरी नेला, तेव्हा मामी म्हणाल्या की चुकांची वाटणी बांधावरून भांडल्यासारखी करणारं घराणं त्यांनी दुसरं बघितलेलं नाही.

दुसरी डबी दीड दिवसात झाली. या वेळी मामींनी दुधाच्या दोन पिशव्या आणल्या आणि एकीवर पेनाने "वर्कशॉप" लिहिलं. एवढे बारीक पितळी स्क्रू सांगलीत लगेच मिळेनात, म्हणून मामांनी ते लेथवर स्वतः कातले, दहा चांगले निघेपर्यंत. प्रत्येक स्क्रू ते चुंबकासमोर धरत होते. पितळ चुंबकाला ओढत नाही हे त्यांना माहीत होतं, तरी धरत होते. निकेलची डबी मामींनी मागून घेतली आणि तिच्यात सेफ्टी पिना ठेवल्या.

नवी डबी बेंगळुरूला गेली, चांगली बसली, आणि पुढचे सात महिने काहीच झालं नाही. डबी निर्दोष होती. चिपच बिघडलेली निघाली, मग दुसरी चिप, मग थंड करणाऱ्या यंत्राचा पंप. मामा दर रविवारी फोन करून विचारायचे, डबी कशी हाय. मी म्हणायचे, डबी उत्तम आहे. बाकीच्याचं ते विचारत नसत. ते त्यांच्या कामात येत नव्हतं.

मग एका दुपारी जमलं. रेझोनेटरमधून लहर पाठवली की पडद्यावरच्या रेघेत एक खळगा दिसतो, तो रेझोनेटरचा. चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलत नेलं आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन त्याच कंपनाला आला की एका खळग्याचे दोन होतात. म्हणजे लहर आता एकट्या रेझोनेटरची नाही आणि एकट्या स्पिनचीही नाही, दोघांची मिळून आहे. आमच्या पडद्यावर दोन खळगे आले. गाइड माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि परत कर एवढंच म्हणाल्या. मी तीनदा परत केलं. तीनही वेळा दोनच.

मी बाहेर येऊन सांगलीला फोन लावला आणि मामांना सांगितलं की एका खळग्याचे दोन झाले.

"तडा गेला?" त्यांनी हळूच विचारलं.

वर्कशॉपमध्ये एकाचे दोन झाले की माल भंगारात जातो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी घाईघाईने सांगितलं की नाही, हेच तर हवं होतं. त्यांना ते पटलं नाही. फोन मामींनी घेतला, आणि मी खूश आहे ना एवढं विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी फोनवर हात ठेवून मामांना सांगितलेलं मला ऐकू आलं, की दोनच पाहिजे होते, आता जेवायला बसा.

त्यानंतरच्या सुट्टीत मी त्या आलेखाची मोठी प्रिंट घेऊन गेले. मामांनी ती टेबलावर पसरली. टेबल तेच, चष्मा तसाच खाली. मी दोन खळगे दाखवले, ते कुठे जवळ येतात आणि कुठे लांब राहतात ते दाखवलं. ते ऐकत होते, पण त्यांची नजर खळग्यांवर नव्हती. त्यांनी नखाने रेघेवरून कडेकडेने चाल केली आणि एका जागी थांबले.

"ही रेघ हितं थरथरती कशानं?"

सिलिकॉनमध्ये कुठेकुठे विजेचे कण सुटे पडलेले असतात, ते मध्येच जागा बदलतात आणि इलेक्ट्रॉनला धक्का बसतो, एवढं मला माहीत होतं. ते नेमके कुठे आहेत आणि कसे थांबवायचे, हे मला माहीत नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेतही कुणाला नव्हतं. प्रबंधात मी त्या थरथरीवर एक पान लिहून पुढे सरकले होते, परीक्षक तिथे थांबू नयेत अशा बेताने. मी मामांना तसंच सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी प्रिंटची नीट घडी घातली आणि मला परत दिली.

"मंग अजून काम हाय," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले. मामी डबा घेऊन आल्या होत्या. आम्ही तिघं लेथशेजारीच जेवायला बसलो.